सळी वर होती की खाली

भाऊ,

परवा तुमच्या शोकसभेत एक गृहस्थ माईक हातात घेऊन म्हणाले, "यशवंतभाऊंनी जवळजवळ चाळीस वर्षं या बुऱ्हाणपुरात बांधकामं केली, पण त्यांच्या एकाही भिंतीला कधी तडा गेला नाही." लोकांनी माना डोलावल्या. वहिनी पहिल्या रांगेत होत्या, त्यांनीही डोलावली. मी मागे बसले होते. शेजारच्या बाईंनी माझा हात दाबला. त्यांना वाटलं, मला रडू आवरत नाहीये. मला रडू येत नव्हतं, भाऊ. मी डोईफोडिया गावचा पडलेला छज्जा आठवत होते. आणि समोरची ही सगळी माणसं ते विसरली आहेत की त्यांना कधी कळलंच नव्हतं, याचा विचार करत होते.

त्यांच्यानंतर चार-पाच जण बोलले. कोणी म्हणालं तुम्ही साधू होतात. लूमवाले शेठ म्हणाले, "बहुत जिद्दी आदमी थे, पण दिलाने साफ." तुमच्या पुतण्याने सांगितलं की तुम्ही फार व्यवहारी होतात आणि कधी कोणाच्या भानगडीत पडला नाहीत. मी ऐकत राहिले आणि मला वाटायला लागलं की मी चुकीच्या माणसाच्या शोकसभेला आले आहे. नऊ वर्षं मी तुमच्या टेबलासमोर बसून नकाशे काढले. नंतरची तेरा वर्षं तुमच्याशी भांडत काढली. एवढ्यात माणूस कळायला हवा होता. तसा तो कळलाही होता, गेल्या आठवड्यापर्यंत.

मला तुमच्याकडे पाठवलं ते माझ्या वडिलांनी. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा हातात होता, वय बावीस. शनवारा दरवाज्याजवळ कापडाच्या दुकानावरचं तुमचं ऑफिस, लोखंडी जिना, आणि खिडकीतून दिवसभर येणारी पॉवरलूमची खटखट. वडील सोबत दराबा मिठाईचा डबा घेऊन आले होते. तुम्ही डबा बाजूला ठेवलात, माझ्या सर्टिफिकेटांकडे पाहिलंही नाहीत, आणि म्हणालात, "पलीकडच्या गल्लीत एक लूमचा कारखाना आहे. तिथे जाऊन दुपारचे दोन तास उभी राहा. बसायचं नाही. मग इथे ये."

मी गेले. पत्र्याचं छप्पर, उन्हाळा, कानात दडे बसवणारा आवाज, हवेत कापसाचे तंतू. दोन तासांनी परत आले तेव्हा केस पांढरे झाले होते आणि मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता.

"काय हवंय तिथे?" तुम्ही विचारलंत.

"पंखे," मी ओरडून सांगितलं.

"पंख्याने कापूस उडेल. सूत तुटेल. परत विचार कर."

मला उत्तर यायला तीन आठवडे लागले. तेही अर्धंच. उंच छप्पर, उत्तरेकडून उजेड, आणि गरम हवा वरून निघून जाईल अशी फट. उरलेलं अर्धं तुम्ही काढून दाखवलंत: गल्लीच्या बाजूला एकाऐवजी दोन भिंती, मध्ये हाताच्या रुंदीची पोकळी, म्हणजे पलीकडच्या घरातलं बाळ झोपू शकेल. कारखान्याच्या शेठना तो नकाशा दाखवला तेव्हा ते हसले. "भाऊ, मशीनला कुठे हवा लागते?" तुम्ही म्हणालात, "मशीनला नाही लागत. पण ती चालवतो त्याला लागते, आणि तो तुमच्याकडे टिकत नाही म्हणून तुम्हीच रडता." शेठने दुसरी भिंत कापायला सांगितली. तुम्ही नकाशा गुंडाळून उठलात. जिन्यापर्यंत पोचलात तेव्हा त्यांनी हाक मारली. तो कारखाना अजून आहे, दोन्ही भिंतींसकट. शोकसभेत बोलले ते त्याच शेठचे चिरंजीव.

हे मी आता लिहिते आहे ते तुमचं कौतुक करायला नाही. मला असं वाटत होतं की मी तुम्हाला ओळखत होते, ते कशाच्या जोरावर, हे मीच तपासून बघते आहे. तुम्ही मला कुंडी भंडाऱ्याला, त्या जुन्या भुयारी पाणीयोजनेला, नेलं होतंत. खाली उतरून त्या बोगद्याच्या पाण्यात पाय सोडून बसलो होतो आणि तुम्ही म्हणालात, "हे बांधणाऱ्याचं नाव कोणी सांगत नाही, पण गाव पाणी प्यायलं." त्या दिवसापासून मला वाटायचं की तुम्हाला नावाची हौस नाही. मग त्या एकाच ठिकाणी तुम्ही पुढे होऊन नाव का लिहिलंत? जिथे कोणी मागितलं नव्हतं, तिथे?

डोईफोडियाच्या अलीकडे, जंगलाच्या कडेला, मुलींचं ते दुमजली वसतिगृह बांधायचं काम आपल्याला मिळालं तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. तुमचं ते पहिलं मोठं सरकारी काम. त्याच्या मागे आणखी तीन कामं येणार असं सगळे म्हणत होते. वरच्या मजल्यापुढे पाच फुटांचा छज्जा ठेवायची कल्पना तुमची. मुलींना पावसात कपडे वाळवायला, संध्याकाळी बसून अभ्यास करायला. नकाशा मात्र माझ्या हातचा. कागदाच्या कोपऱ्यात माझ्या नावाचं बारीक 'शै' होतं.

बांधकाम लक्ष्मण मिस्त्रींनी केलं, त्याच गावचे. इमारत उभी राहिली, मुली राहायला आल्या, आणि मिस्त्रींची बायको कमलबाई तिथे स्वयंपाकाला लागल्या. पुढच्या पोळ्याला मुली घरी गेल्या होत्या. सकाळी कमलबाई छज्ज्याखालच्या सावलीत तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि तो छज्जा खाली आला. त्या वाचल्या. डावा पाय घोट्यापासून गेला.

तुम्ही त्याच दिवशी तिकडे गेलात. मी ऑफिसमध्ये थांबले. परत आलात तेव्हा तुमच्या सदऱ्यावर सिमेंटची धूळ होती. पाणी न पिता तुम्ही खुर्चीत बसलात.

"माझी चूक आहे," तुम्ही म्हणालात.

"तुमची कशी?" मी म्हणाले. "मिस्त्रींनी सळी खाली टाकली असेल. दुसरं काय असणार?"

जे हे काम करत नाहीत त्यांना सांगायला हवं. छज्जा भिंतीतून बाहेर निघतो, त्याला पुढून आधार नसतो. त्याच्या सळ्या काँक्रीटच्या वरच्या अंगाला असाव्या लागतात, कारण तो खाली वाकू लागला की सगळा ताण वर येतो. त्याच सळ्या खाली गेल्या तर असून नसल्यासारख्या. हे पहिल्या वर्षी शिकवतात. मलाही शिकवलं होतं.

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग विचारलंत, "नकाशा पाहिलास?"

"बघायचं काय त्यात?" मी म्हणाले. "मीच काढलाय."

तुम्ही उठून सदऱ्यावरची धूळ झटकलीत.

आठवड्याने चौकशीला साहेब आले. ते मिस्त्रींचं नाव लिहायच्या तयारीतच होते. मिस्त्री बिचारे दवाखान्यात बायकोच्या उशाशी बसलेले, त्यांना विचारायचीही कोणाला गरज वाटली नव्हती. तुम्ही साहेबांसमोर कागद घेतलात आणि लिहून दिलंत: आराखड्यात दोष होता, तो माझा आहे, बांधणाऱ्याचा नाही. साहेब म्हणाले, "भाऊ, सोच लो. इसके बाद काम नहीं मिलेगा." तुम्ही सही केलीत आणि पेनाला टोपण लावलंत.

काम मिळालं नाहीच. येणार होती ती तीन गेली, त्यापुढची आली नाहीत. वसतिगृहाचा उरलेला भाग पाडून टाकला. ऑफिसमध्ये आपण दोघेच उरलो. मग लूमच्या शेड, केळीची गोदामं, कोणाच्या घरावर एक खोली, कोणाचा जिना. मी पाच वर्षं त्यात काढली आणि दर दोन महिन्यांनी तेच विचारलं: सही का केलीत? तुम्ही दर वेळी म्हणालात, "मग कोणी करायची होती?" मला हे उत्तर नाटकी वाटायचं. एकदा मी म्हणाले, "भाऊ, तुम्हाला हुतात्मा व्हायचं होतं. त्यात माझंही करिअर गेलं." हे वाक्य मी बोलले आहे. तुम्ही तेव्हा एका केळीवाल्याचा नकाशा बघत होतात. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तुझं नाही जाणार. तू स्वतःचं सुरू कर." महिन्याभराने मी सुरू केलं. तुम्ही मला तुमचं ड्रॉइंग बोर्ड दिलंत. मी ते घेतलं आणि वापरलं नाही.

त्यानंतर आपण भांडत राहिलो ते काचेवरून, एसीवरून, रंगावरून. मी बांधलेल्या शोरूमपुढे उभं राहून तुम्ही विचारलं होतंत, "हे भट्टीचं दार कोणी लावलं?" मी म्हणाले, "गिऱ्हाइकाला काच हवी होती." तुम्ही म्हणालात, "गिऱ्हाइकाला गार वाटायला हवं होतं. तू विचारलंस का?" या भांडणांत मजा होती. खरं भांडण एकच होतं आणि ते आपण दोघांनीही गुंडाळून ठेवलं होतं.

तुम्ही गेलात त्याच्या चौथ्या दिवशी वहिनींनी मला ऑफिसची किल्ली दिली. म्हणाल्या, "तुलाच माहीत काय ठेवायचं, काय टाकायचं." मी दिवसभर कागदांच्या गुंडाळ्या उघडत होते. तुमची शिस्त होती, प्रत्येक गुंडाळीला दोरा आणि चिठ्ठी. डोईफोडियाची गुंडाळी खालच्या खणात होती. तिला चिठ्ठी नव्हती, म्हणून मी ती उघडली.

छज्ज्याचा कागद वरच होता. ट्रेसिंग पेपरवर शाईने चुकलं की आपण ब्लेडने खरवडायचो. कागद त्या जागी पातळ होतो, बोटाला खरखरीत लागतो. मी तो खिडकीशी धरला. छज्ज्याच्या खालच्या अंगाला एक लांब पट्टा खरवडलेला होता. आणि वरच्या अंगाला नवी रेघ होती, कोपऱ्यात किंचित पुढे गेलेली. तुमची रेघ कोपऱ्यात नेहमी किंचित पुढे जायची. कागदाच्या टोकाला माझं 'शै'.

मी सळी खाली काढली होती, भाऊ. तुम्ही ती खोडून वर काढली.

लूमची खटखट चालू होती. मग मला पुढचा प्रश्न सुचला आणि त्यानंतर मला नीट झोप लागलेली नाही. तुम्ही ती केव्हा खोडलीत?

या ट्रेसिंगवरून साइटवर पाठवायची प्रत काढायच्या आधी खोडली असेल, तर मिस्त्रींच्या हातात बरोबर नकाशा गेला आणि चूक त्यांची. प्रत गेल्यावर तुमच्या लक्षात आलं असेल, तुम्ही इथे दुरुस्त केलंत आणि नवी प्रत पाठवायची राहिली, तर तुम्ही लिहून दिलं ते शब्दशः खरं, चूक तुमची. आणि छज्जा पडल्यावर, त्या संध्याकाळी, मी घरी गेल्यानंतर तुम्ही गुंडाळी उघडून ती रेघ खरवडली असेल, तर ती फक्त मला कधी दिसू नये म्हणून. कारण तुम्ही मला विचारलं होतंत, नकाशा पाहिलास? आणि मी म्हणाले होते, बघायचं काय त्यात.

तीनही गोष्टी तुम्ही करू शकत होतात. हीच माझी अडचण आहे. अठरा वर्षं मी तुमच्यावर चिडले होते आणि आता कशासाठी चिडायचं तेच कळत नाही. तुम्ही माझी चूक अंगावर घेतली असेल तर मी तुमचे पाय धरायला हवेत. पण मग तुम्ही माझ्याकडून काहीतरी काढूनही घेतलंत. मला माझी चूक माहीत असती तर मी वेगळी माणूस झाले असते. कदाचित हे काम सोडलं असतं. कदाचित तेच तुम्हाला नको होतं. बघा, मी पुन्हा तुमच्या वतीने उत्तरं द्यायला लागले.

मे महिन्यात आपण राजघाटाच्या पायऱ्यांवर बसलो होतो, ती शेवटची भेट. तापीला पाणी कमी होतं. तुम्ही अचानक विचारलंत, "तू अजून ट्रेसिंग वापरतेस का?"

"भाऊ, आता सगळं कॉम्प्युटरवर."

"मग चूक कशी खोडतेस?"

"डिलीट करते. संपलं."

"मग नंतर कळतं कसं, कुठे चुकलं होतं ते?"

मी हसले. म्हणाले, "कळायचं कशाला? बरोबर झालं ना." तुम्हीही हसलात आणि उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतलात. तुम्हाला तेव्हा काही सांगायचं होतं का? की नुसतं म्हातारपणाचं कुतूहल होतं? मी एक प्रश्न विचारला असता तर... पण मी घड्याळ पाहिलं. मला एका गिऱ्हाइकाला भेटायचं होतं.

किल्ली परत द्यायला गेले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "डोईफोडियाच्या मिस्त्रींना कोणी कळवलं नसेल. हे दर वर्षी जायचे तिकडे, पोळा झाला की."

"कशाला जायचे?"

"मी विचारलं एकदा. म्हणाले, जेवायला."

मी दुसऱ्या दिवशी सकाळची बस पकडली. केळीच्या बागा संपल्या, कपाशी लागली, मग सागाची झाडं. मी ठरवलं होतं की काही लपवायचं नाही. मिस्त्रींना सरळ सांगायचं, चूक माझी होती.

लक्ष्मण मिस्त्री आता थकलेत. ओट्यावर बसून सुतळी वळत होते. मला पाहून आधी ओळखलं नाही, मग उभे राहिले. "ताई? तुमी? भाऊ बरे आहेत ना?"

मी सांगितलं. ते तसेच उभे राहिले, हातात सुतळी. मग आत बघून हाक मारली, "कमल, भाऊ गेले वं." आतून भांड्याचा आवाज येत होता, तो थांबला.

थोड्या वेळाने मी बोलले. ट्रेसिंगबद्दल, खरवडलेल्या रेघेबद्दल, माझ्या हातून खाली काढलेल्या सळीबद्दल. "मिस्त्री, त्या दिवशी मी तुमच्यावर आळ घेतला होता. चूक बहुतेक माझी होती."

त्यांनी मान हलवली. "नई, ताई. छज्ज्याची सळी वर राहते हे मला नकाशात पहायला लागत नई. तीस छज्जे केले मी आधी. तुमच्या नकाशात खाली असती तरी मी वरच टाकली असती."

"मग?"

"ढलाईच्या दिवशी, काँक्रीट ओतायचं तव्हा, मला ताप होता. दुपारून घरी येऊन पडलो. माणसं टोपल्या घेऊन सळ्यांवरून चालली असतील, सळ्या दबून खाली बसल्या असतील. मी तिथी असतो तर उचलून घेतल्या असत्या." ते सुतळीकडे बघत बोलत होते. "माझ्याच हातानं माझ्या बायकोचा पाय गेला, असं मी धरून चाललो होतो. भाऊ पहिल्या वर्षी आले तव्हा त्यांच्यापाशी रडलो. ते म्हणाले, लक्ष्मण, मी पडलेला तुकडा हातात घेऊन पाहिला. सळी वरच होती. छज्ज्याची जाडी मी कमी धरली होती. तुझ्यात काई कसूर नई."

जाडी? ही चौथी गोष्ट होती. जाडी तुम्ही मला कधीच सांगितली नव्हती. तो तुकडा फक्त तुम्ही पाहिलात, नंतर सगळा मलबा उचलून नेला. तुम्ही मिस्त्रींना खरं सांगितलंत, की बायकोचा पाय गेलेल्या माणसाला जगता यावं म्हणून एक गोष्ट रचून दिलीत?

"तुम्ही खरं मानलं ते?" मी विचारलं.

"काई दिवस मानतो," मिस्त्री म्हणाले. "काई दिवस नई मानत."

तेवढ्यात आतून कमलबाईंचा आवाज आला. "पाय माझा गेला. अन् गलतीसाठी भांडता तुमी. भाऊ बी तसेच. आत या, भाकरी झाली."

मी आत गेले आणि दारातच थांबले. भाऊ, मी तुमची सगळी कामं पाहिली आहेत असं मला वाटत होतं. ते स्वयंपाकघर मी पाहिलं नव्हतं. ओटा उभ्याचा नाही आणि जमिनीवरचाही नाही, बसूनच हात पोचेल एवढा. त्याच्या पुढे भिंतीला लागून दगडी बैठक, तिच्यावर सरकत सरकत चुलीपासून पाण्याच्या माठापर्यंत जाता येतं. भिंतीला हाताच्या उंचीवर सागाचा दांडा, गुळगुळीत झालेला. खिडकी इतकी खाली की बसलेल्या बाईला रस्ता दिसावा. माझ्या डोक्यात सवयीने मापं सुरू झाली. एकही माप पुस्तकातलं नव्हतं.

"भाऊंनी मला मधात बसवलं," कमलबाई म्हणाल्या, "अन् सांगितलं, हात जिथवर जातो तिथवर न्या. मी हात फिरवले, त्यांनी खडूनं खुणा केल्या. मग ह्यांनी बांधलं." त्या बैठकीवरून सरकत माझ्यापुढे ताट घेऊन आल्या, भरभर, दांड्याला नुसतं बोट लावत.

या कामाचा नकाशा तुमच्या ऑफिसात नाही. मी एक-एक गुंडाळी उघडली आहे, मला माहीत आहे.

जेवताना कमलबाई म्हणाल्या, "एक सांगू? छज्जा पडायच्या आठ दिवस आधी मला तडा दिसला होता. केसावानी बारीक. मी म्हटलं, नव्या बांधकामाला येत असंन. कोणाला बोलली नई. भाऊंना मी हे सांगितलं पुढं कधीतरी, मनात राहत होतं म्हणून."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, कमलबाई, तडा पाहणं माझं काम होतं, तुमचं नई. अन् अजून एक भाकरी मागितली."

ते बांधकाम झाल्यावर तुम्ही वर्षभर तिकडे फिरकला नव्हतात, हे मला आठवलं. इतर तीन कामांच्या मागे आपण धावत होतो. तुम्ही आणि मी, दोघेही. ती सही तुम्ही त्यासाठी केलीत का? सळी कुठे का असेना, कोणाच्या हातची का असेना, नंतर कोणी बघायला गेलं नाही, म्हणून? हे जर असेल तर ते तुम्ही मला एका वाक्यात सांगू शकला असतात. मी भांडले असते, पण समजले असते. का नाही सांगितलंत? मी तुमच्याकडे नऊ वर्षं होते आणि तुम्ही माझ्यापेक्षा या चुलीपाशी जास्त बोललात. मला त्याचा राग आला. कमलबाईंच्या हातची भाकरी खाताना मला तुमचा इतका राग आला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शोकसभेतल्या त्या शेजारच्या बाईंना जे दिसल्यासारखं वाटलं होतं, ते असं भलत्याच ठिकाणी आलं.

कमलबाईंनी मला रडू दिलं. मिस्त्री बाहेर जाऊन बसले.

निघताना त्या म्हणाल्या, "आता पोळ्यानंतरच्या रविवारी कोणी येणार नई. तुमी येत जा, ताई."

मी "येईन" म्हटलं. चूक माझी असेल म्हणून, की तुमच्या जागी कोणीतरी जायला हवं म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तुमची जागा घ्यायची माझी लायकी आहे की नाही हेही नाही. मी त्यांना विचारलं, "भाऊंसाठी काय करत होतात?"

"त्यांचं सोडा," त्या म्हणाल्या. "तुमाले काय आवडते ते सांगा."

मी सांगितलं.